पाचवा खिळा

त्या सोमवारी दुपारी साडेचार वाजता माझ्यावरचे चारही बिल्ले जागेवर होते आणि पाचवा खिळा रिकामा होता. आमच्या घरात याचा अर्थ एकच होता. वाटांवर गेलेले सगळे परत आले. मालकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते चहाचं आधण ठेवायला आत गेले.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. पलीकडच्या कुरणावरचा मेंढपाळ आला होता. एरवी तो लांबूनच हाक मारायचा, दार वाजवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या एका हातात स्वतःची टोपी होती आणि दुसऱ्या हातात पांढरा रंग भरलेला डबा.

"काकू घरात आहेत का?" त्याने विचारलं.

"आहे की. वर चादरी घालत असेल," मालक म्हणाले. "हा डबा कुठे सापडला तुला? ये, चहा घे. तिला हाक मारतो."

"नका मारू, काका," मेंढपाळ म्हणाला. "त्या वर नाहीत."

मित्रांनो, मी एक जुनी फळी. या घराच्या मागच्या दाराशी जो बोळ आहे, त्याच्या भिंतीवर मी असते. माझ्या एका बाजूला छत्र्या आणि खाली बूट. त्या दिवशी मी खोटं बोलले. मला तोंड नाही हे खरं, पण माझे खिळे जे सांगतात तेच माझं बोलणं, आणि माझ्या पाचव्या खिळ्याने मालकांना चुकीचं सांगितलं. ते कसं घडलं हे तुम्हाला कळायचं तर सुरुवातीपासून सांगायला हवं.

जन्मापासून मी काही फळी नव्हते. मी दार होते. वासरांच्या गोठ्याच्या दाराचा खालचा अर्धा भाग. वासरांनी लाथा मारून पाडलेले चार खोलगट डाग अजून माझ्यावर आहेत. माझ्यात एक गाठ होती. ती वाळून पडली आणि तिथे भोक राहिलं. त्या भोकातून वासरं नाक खुपसायची आणि बाहेर काय आहे ते हुंगायची. बाहेर काय आहे, हे कुतूहल मला बहुधा त्यांच्याकडूनच लागलं असावं.

पुढे गुरं विकली गेली आणि गोठ्याच्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या. शहरातली माणसं आठ-आठ दिवस राहायला येऊ लागली. पहिल्या दिवशी ती खिडकीत उभी राहून म्हणायची, "काय शांत आहे हो!" तिसऱ्या दिवशी तीच माणसं स्वयंपाकघरात येऊन मालकीणबाईंना विचारायची, "इथे करायचं काय?"

"चाला," बाई म्हणायच्या.

"कुठे?"

या एका प्रश्नातून सगळं सुरू झालं. बाई स्वतः रानात हिंडल्या. कुठून गेलं तर फाटक उघडं असतं, कुठे कुत्रा बांधलेला नसतो, ओढा कुठे ओलांडता येतो, हे त्यांनी पायांनी शोधून काढलं आणि चार वाटा ठरवल्या. पहिली ओढ्याची, लहान मुलांना झेपेल अशी. दुसरी मेंढ्यांच्या कुरणाची. तिसरी जुन्या गिरणीची. चौथी टेकडीची. वाटेतल्या दगडांवर त्यांनी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. पहिल्या वाटेला एक ठिपका, चौथीला चार. ठिपके मोजत जायचं. वाचता न येणारं पोरही चुकणार नाही.

मालकांना सुतारकाम येत होतं. त्यांनी मला रंधा मारला, खिळे ठोकले, खिळ्यांखाली वाटांची नावं लिहिली आणि फांदीच्या चकत्या कापून बिल्ले केले. ते गाठीचं भोक बुजवायला निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या. तो तिचा डोळा आहे." त्या थट्टेत म्हणाल्या असतील. पण तेव्हापासून मी पाहते आहे.

नियम साधा होता. जी वाट चालायची, तिचा बिल्ला काढून खिशात ठेवायचा. परत आलात की खिळ्याला लावायचा. एका वाटेवर एका वेळी एकच टोळी, कारण माणसं शांतता शोधायला येतात आणि दुसऱ्या टोळीच्या गप्पा ऐकून परत जातात, असं बाईंचं मत होतं. पाच वाजता मालक मला बघायचे. खिळा रिकामा दिसला की मेंढपाळाला हाक जायची आणि दोघं शोधायला निघायचे. म्हणजे मेंढपाळ जायचा, मालक फाटकापर्यंत.

एकदा नवीन लग्न झालेलं एक जोडपं चार नंबरचा बिल्ला खिशात घालून टेकडीवरून परस्पर बसने घरी निघून गेलं. मेंढपाळाने अंधार पडेपर्यंत टेकडी पालथी घातली. तिसऱ्या दिवशी बिल्ला पोस्टाने आला. सोबत माफीची चिठ्ठी. बाईंनी ती मेंढपाळाला वाचून दाखवली. तो म्हणाला, "माफी राहू द्या, माझे बूट शिवून द्यायला सांगा."

मित्रांनो, मी स्वतः एकही वाट पाहिलेली नाही. फळीला कोण फिरायला नेतो? पण मी खालच्या बुटांवरून पुष्कळ शिकले. तांबडी माती म्हणजे टेकडी. काळा चिखल म्हणजे ओढा. पिठासारखी पांढरी धूळ म्हणजे गिरणी, कारण तिच्या भिंतींचा चुना झडतो. टेकडी म्हणजे माणसांचे गाल लाल करणारी काहीतरी वस्तू, अशी कितीतरी दिवस माझी समजूत होती. आणि एक कोडं तर मला अजून सुटलेलं नाही. ओढ्याच्या वाटेवरून आलेली मुलगी सांगायची की पाण्यात काचेसारखे मासे होते, एक दगड हलला आणि तो बेडूक निघाला. मागून तिचे वडील यायचे आणि म्हणायचे, "काही नाही, साधा ओढा आहे." वाट एकच. मग दोघं गेले होते कुठे?

या घरात न चाललेले आम्ही दोघंच होतो, मी आणि मालक. मला पाय नव्हते आणि त्यांना वेळ नव्हता. शिवाय त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. बाई रोज सकाळी बूट चढवताना विचारायच्या, "येता का?"

"उद्या," मालक म्हणायचे.

कधी नळ गळत असायचा, कधी कौल सरकलेलं असायचं. बाई रुसायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. बावीस वर्षं त्यांनी विचारलं.

मग त्यांच्या डोक्यात पाचवी वाट आली. पुढच्या दारातून निघायचं, टेकडीला वळसा घालायचा, रानातून गिरणीपाशी उतरायचं आणि मागच्या दाराने घरात यायचं. गेलेल्या वाटेवर एकदाही परत पाऊल टाकायचं नाही. मालकांनी माझ्यावर पाचवा खिळा ठोकला, पण बिल्ला करून दिला नाही.

"वाट पुरी झाली नाही, मग बिल्ला कसला?" ते म्हणाले.

"मग मी बाहेर आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

शेवटी बाईंनी आपला एप्रन त्या खिळ्याला अडकवायला सुरुवात केली. एप्रन लटकत असला की बाई बाहेर. खिळा रिकामा असला की घरात.

"चार खिळ्यांची एक रीत आणि पाचव्याची बरोबर उलटी," मालक म्हणाले. "अगदी तुझ्यासारखा."

"लक्षात राहतं ना? मग झालं तर," बाई म्हणाल्या.

तो सोमवार धुण्याचा होता. नऊ वाजता बाईंनी एप्रन खिळ्याला लावला, रंगाचा डबा घेतला आणि विचारलं, "येता का?"

"उद्या. आज चादरी आहेत."

अर्ध्या तासाने मालक चादरींचा ढीग घेऊन बोळातून चालले होते. एप्रनवर अंड्याचा पिवळा डाग होता. आदल्याच दिवशी बाईंनी टोमणा मारला होता, "एखादं काम न सांगता कराल तर मी दिवाणखान्यात पाटी लावीन." मालकांना ते आठवलं असणार, कारण ते हसले. त्यांनी एप्रन खिळ्यावरून काढला, ढिगावर टाकला आणि नेऊन धुतला.

मित्रांनो, मी ते पाहत होते. मला काहीच करता येत नव्हतं.

दुपारी बारा वाजता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाचवा खिळा रिकामा. आली वाटतं. हातांनी जे केलं होतं, ते डोक्याला कळलंच नव्हतं. सोमवारी बाई वरच्या खोल्यांत असायच्या आणि दोघं जसं जमेल तसं जेवायचे. बाईंचं झाकलेलं ताट तसंच होतं, तेही त्यांना खटकलं नाही. साडेचारला त्यांनी पुन्हा पाहिलं आणि आधण ठेवलं. दोन कपांचं.

डॉक्टरांनी सांगितलं की दहाच्या सुमाराला बाईंचं हृदय बंद पडलं, एका क्षणात. "शोधायला लवकर गेला असतात तरी उपयोग नव्हता. अहो, तुम्ही शेजारी असता तरी काही करता आलं नसतं."

"शेजारी असतो तर निदान शेजारी असतो," मालक म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं आणि लाकडांच्या खोपीत नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मला राग आला नाही. खोटं बोलणाऱ्याला कोणी समोर का ठेवावं?

दोन वर्षं मी विटा पाहिल्या. एक कोळी माझ्या डोळ्यात राहायला आला, तेवढीच सोबत. स्वयंपाकघर सांभाळायला मालकांची धाकटी बहीण येऊन राहिली. पाहुणे आले की मालक सांगायचे, "वाटा बंद आहेत." पाहुणे तीन दिवस खिडकीत बसायचे आणि चौथ्या दिवशी सामान बांधायचे. मेंढपाळ एकदा अंगणात म्हणताना मी ऐकलं, "दुसरी वाट आता मलासुद्धा धड दिसत नाही. आणखी एक वर्ष कोणी गेलं नाही तर गवत सगळं गिळेल. काकूंनी तिथे काय केलं होतं, कुणाला सांगताही येणार नाही." मालक लाकडं फोडत होते. कुऱ्हाडीचा आवाज तेवढा आला.

मग पोस्टातल्या आजी आल्या. उभी हयात पत्रं वाटण्यात गेलेल्या या बाई निवृत्त झाल्यापासून दर वर्षी आमच्याकडे यायच्या आणि फक्त गिरणीची वाट चालायच्या. मध्ये पायाच्या दुखण्यामुळे दोन वर्षं खंड पडला होता.

"भाऊ, माझा तीन नंबर कुठे आहे?" त्यांनी खोपीच्या दारातच मालकांना गाठलं.

"वाटा बंद आहेत, आजी."

"बंद? वाटेला काय शटर असतं ओढायला?"

"मागे बघायला कोणी नाही."

"कुत्री, चिखल आणि चुकीचे पत्ते यांच्यातून मी जन्म काढला. मला बघायला कोण लागतंय?" असं म्हणून त्या निघून गेल्या. काठीचा आवाज फाटकापर्यंत आला आणि थांबला.

मालक लाकडं फोडायला बसले. एकच ओंडका इतका फोडला की त्याच्या काड्या झाल्या. तीन वाजल्यापासून ते खोपी ते फाटक अशा येरझाऱ्या घालू लागले.

"दादा, अंगण झिजेल," बहीण खिडकीतून म्हणाली. "एवढा जीव खालीवर होतोय तर जा की त्यांच्या मागे."

"कुठे जाऊ?" मालक ओरडले. मग आवाज खाली आला. "वाट कुठून जाते तेच मला माहीत नाही."

थोड्या वेळाने खोपीचं दार उघडलं. मालकांनी मला उचललं, बाहीने पुसलं, कोळ्याला बोटाने बाजूला केलं आणि मला पुन्हा बोळात टांगलं. डब्यातून बिल्ले काढून लावले. एक, दोन आणि चार. तीन नंबरचा त्यांनी मुठीत ठेवला. मग माझ्यासमोर स्टूल ओढून ते त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले. आता निदान खिळा खरं सांगत होता.

आजी सव्वापाचला आल्या. बुटांवर पांढरी धूळ होती. मालकांनी बिल्ला त्यांच्या हातात दिला. "हा लावा."

"अहो, मी नेलाच नव्हता."

"तरी लावा. तुमच्या हाताने लावा."

आजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने बिल्ला लावला. मग बूट सोडता सोडता म्हणाल्या, "पाचवी वाट कधी काढली तुम्ही? गिरणीच्या मागे दगडांवर पाच-पाच ठिपके आहेत."

"पाचवी टेकडीकडून येते. ती अजून गिरणीपर्यंत पोचली कुठे?"

"ते मला काय विचारता? मला ठिपके मोजता येतात."

बाई दोन्ही टोकांकडून काम करत होत्या. हे मालकांना माहीत नव्हतं. बावीस वर्षं ज्यांच्याबद्दल विचारावंसं वाटलं नाही, त्या ठिपक्यांबद्दल आता त्यांना राहवेना. किती दगडांवर आहेत? कुठपर्यंत? मधे किती राहिलंय? आजी कंटाळून म्हणाल्या, "भाऊ, पाय आहेत ना तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी कपाटातून तो एप्रन काढला. धुतलेला, घडी घातलेला. तो त्यांनी पाचव्या खिळ्याला अडकवला.

"हा काढू नकोस," ते बहिणीला म्हणाले. "धुवायलासुद्धा नेऊ नकोस."

"हात लावणार नाही, दादा."

ते गेले. किती वेळ गेला मला माहीत नाही, मी एप्रनकडे बघत होते. ते परत आले तेव्हा मी आधी बूट पाहिले. तळाला टेकडीची तांबडी माती आणि तिच्यावर गिरणीची पांढरी धूळ. एकाच बुटावर दोन्ही! मित्रांनो, इतक्या वर्षांत असा बूट मी पहिल्यांदाच पाहिला. वाट खरंच टेकडीकडून गिरणीकडे उतरत होती. माझं एक कोडं सुटलं.

मालकांनी स्वतःच्या हाताने एप्रन काढला आणि स्टुलावर बसून बहिणीला सगळं सांगितलं. मधे फक्त एकशे चाळीस पावलं राहिली आहेत. त्यांनी मोजली. काटेरी झुडपं आहेत, तिथून ते कसेबसे आले. पलीकडे दगडी कुंपण आहे. त्यातले दगड काढून बाईंनी ओलांडायला पायऱ्या केल्या आहेत.

"पायऱ्या बुटक्या आहेत," मालक म्हणाले. "पाच आहेत. दोनही पुरल्या असत्या. ती तर कुंपणावरून उडी मारायची."

"मग?"

"आणि दर थोड्या अंतरावर बसायला सपाट दगड लावलाय. तिला कधी बसायला लागायचं नाही."

बहिणीने त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. मालकही तिकडेच बघत होते. चहा उकळून भांड्याबाहेर गेला तरी कोणी उठलं नाही.

त्यानंतर मालक रोज जाऊ लागले. ते आणि मेंढपाळ यांनी मिळून काटे तोडले. एकशे चाळीस पावलांवर मालकांनी स्वतःच्या हाताने नऊ दगडांना ठिपके दिले. त्यांचे ठिपके बाईंच्या ठिपक्यांइतके गोल येत नाहीत, असं मेंढपाळ सांगतो. पाहुणे पुन्हा चारही वाटांवर जातात आणि दुसरी वाट पुन्हा दिसू लागली आहे. मालक आता टेकडीबद्दल विचारलं तर तासभर बोलतात. पाहुणे निसटायची संधी शोधतात.

पण एक दगड राहिला आहे. बाई ज्याच्याजवळ सापडल्या तो. त्यांनी त्यावर तीन ठिपके दिले होते आणि पुढचे दोन द्यायच्या आधीच ब्रश हातातून पडला. तीन ठिपके म्हणजे गिरणीची वाट. नवीन माणसाला वाटेल की आपण तीन नंबरवर आलो, आणि तो भलतीकडे वळेल. म्हणून तो दगड पुरा झाल्याशिवाय पाचवी वाट उघडता येत नाही.

"दोन ठिपके, दादा," बहीण म्हणते. "ब्रश टेकवायचा आणि उचलायचा."

"उद्या," मालक म्हणतात. डबा घेऊन जातात, त्या दगडाशेजारी बसतात आणि डबा न उघडता परत येतात.

मित्रांनो, मी एक गोठ्याचं दार, माझ्याकडून शहाणपण कोणी शिकावं? पण एवढं मागते. रानात जाल तेव्हा घरात सांगून जा, आणि आलात की आपला बिल्ला आपल्याच हाताने लावा. दुसऱ्याने खिळ्याला अडकवलेली वस्तू, कितीही चांगल्या मनाने असो, न विचारता काढू नका. आणि घरातलं कोणी बूट घालून "येता का?" म्हणून विचारत असेल, तर चादरी थोड्या थांबतात.

पाचवा बिल्ला मालकांनी कापून, घासून ठेवला आहे. तो माझ्याखालच्या खणात आहे. माझ्यावर पाचव्या खिळ्याखाली वाटेचं नाव लिहायचं आहे. त्या दगडावर दोन ठिपके द्यायचे राहिले आहेत.